नेम धरण्याचा लाल ठिपका : तो केव्हां घ्यावा?

ता. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिम्पिक सामन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या श्री. स्वप्निल कुसाळे ह्यांनीं पन्नास मीटर रायफलींत कांस्यपदक मिळविलें. अशा यशानें उमरीसारख्या गांवांतील मुलांसही नेमबाजीची ओढ लागावी, हें स्वाभाविक आहे. मग पालकांपुढें प्रश्न येतो : चित्रपटांतून दिसणारें तें लाल ठिपक्याचें महागडें साधन मुलास घेऊन द्यावें काय? त्याचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

साध्या बंदुकीच्या नळीच्या टोकाशीं माशी असते व मागें खाच असते. नेम धरतांना खाच, माशी व लक्ष्य हीं तिन्ही एका रेषेंत आणावीं लागतात. परंतु डोळा एका वेळीं एकाच अंतरावर स्पष्ट पाहूं शकतो. म्हणून बाकीचीं दोन अस्पष्ट राहतात. ही अडचण डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब ह्यांनीं १९०० सालीं दूर केली. त्यांनीं प्रकाशाची खूण कांचेवरून अशी परावर्तित केली कीं, किरण समांतर होऊन ती खूण दूर लक्ष्यावरच आहे असें भासावें. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनें १९७५ च्या सुमारास विजेच्या इवल्या दिव्यानें तेंच साधलें. लक्ष्यावर प्रकाश मुळींच पडत नाहीं. ठिपका केवळ नेम धरणारासच दिसतो.

हें साधन निवडतांना प्रथम ठिपक्याचा आकार पाहावा. तो कलेंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांत, मोजतात. एक कला शंभर मीटरांवर सुमारें २.९ सेंटिमीटर भरते. मोठा ठिपका चटकन् सांपडतो. लहान ठिपका लक्ष्य कमी झांकतो. दुसरें, तेज कमीअधिक करतां आलें पाहिजे. कारण मराठवाड्याच्या वैशाखांतील उन्हांत फिका ठिपका दिसेनासा होतो, तर अंधारांत भडक ठिपका डोळे दिपवितो. तिसरें, ज्यांच्या डोळ्याचा पुढील पडदा सर्व बाजूंनीं सारखा वक्र नसतो, त्यांस ठिपका फांटे फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो; त्यांनीं आधीं डोळे तपासून घ्यावे. चवथें, साधनाची बैठक घट्ट असावी. ती रेसभर ढळली तरी नेम चुकतो.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ऑलिम्पिकमधील रायफल व पिस्तूल यांच्या सामन्यांत हा ठिपका चालतच नाहीं. कोल्हापूरच्या कु. राही सरनोबत ह्यांनीं २०१८ च्या आशियाई सामन्यांत पंचवीस मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक जिंकलें, तें माशी व खाच ह्यांच्याच बळावर. दहा मीटर एअर रायफलीच्या लक्ष्यावर मधला दहा गुणांचा बिंदु अवघा अर्धा मिलिमीटर असतो. दोन कलांचा ठिपका तेथें सुमारें सहा मिलिमीटर जागा व्यापतो! वेगानें नेम धरण्याच्या कांहीं इतर स्पर्धांत, तसेंच सैन्यांत व पोलिसांत, तो खरोखर उपयोगी पडतो.

शिवाय चाप ओढतांना हात हलला, तर ठिपकाही हलतो. तो हाताचा कंप दाखवितो, घालवीत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांनीं आधीं राष्ट्रीय छात्रसेनेंत अथवा मान्य रायफल क्लबांत, शिक्षकांच्या देखरेखीखालीं, साध्या माशीवर श्वास व बोट यांचा संयम शिकावा. बंदूक हें खेळणें नव्हे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें तीस परवाना लागतो. पालकांनीं ठिपक्यावर खर्चावयाचा पैका प्रथम अशा शिक्षणावर खर्चावा, हेंच आमचें सांगणें आहे.