अंगठ्याचे चार वेढे

गांधीबागेतल्या ठोक कापडबाजारामागच्या एका गल्लीत मी थांबलो तो कात्री पाहून. बारा इंची, वजनदार, पाती लखलखीत; आणि अंगठ्याच्या कडीला मळकट चिंधी, जखमेला पट्टी बांधावी तशी.

"चार वेढे," कटिंग मास्तर म्हणाले. "उन्हाळ्यात तीन. उन्हानं अंगठा फुगते ना जी." नागपूरचा मे म्हणजे पंचेचाळीस अंश, एक वेढा कमी होणारच.

कापड अंथरणं, खडूनं आखणं भराभर उरकलं. नव्या कापडाच्या खळीचा वास खोलीभर होता. मी पाहत होतो तो अंगठा. अशा कात्रीची मूठ वर वळलेली असते. त्यामुळे खालचं पातं टेबलाला घासूनच सरकतं, कापड उचललं जात नाही. वरचं पातं बोटं उघडतात-मिटतात; खालचं स्थिर धरायचं आणि वरच्या पात्याला भिडवून ठेवायचं, हे काम अंगठ्याचं. कडी सैल असली की अंगठा आत घसरतो, पाती फाकतात आणि कापड कापलं न जाता मध्ये दुमडतं. घट्ट असली की अंगठ्याच्या मुळाशी मुंग्या येतात.

"बसला पायजे, अन् निंगला बी पायजे," मास्तरांनी चिंधीची गाठ आवळत सांगितलं.

टेनपिन बोलिंग खेळणाऱ्यांचीही हीच कटकट. चेंडूतल्या अंगठ्याच्या भोकात ते पट्टी चिकटवतात. खेळता खेळता अंगठा फुगला की काढतात. पण तिथे हौशी खेळाडूचं भोकही हाताचं माप घेऊन पाडून मिळतं. कात्री विकली जाते आठ, दहा, बारा अशा आकड्यांवर, आणि तो आकडा लांबीचा. दिवसभर कापणाऱ्याचा अंगठा केवढा, हे कोणी विचारत नाही.

मास्तरांची कात्री मेरठची, वडिलांनी वापरलेली. मोडीतल्या धातूपासून होणाऱ्या मेरठच्या कात्र्यांना २०१३मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 'दादा ले, पोता बरते', म्हणजे आजोबांनी घ्यावी, नातवानं वापरावी, ही त्यांची ख्याती. पातं तीन पिढ्या टिकेलही, पण आजोबांचा अंगठा नातवाला कुठून येणार? "बाबाचे सहा वेढे होते, माझे चार," मास्तर म्हणाले आणि त्यांनी अंगठ्यावरचा घट्टा कौतुकानं दाखवला. मला त्यात कारागिरीपेक्षा कडी ओतणाऱ्याची बेफिकिरी जास्त दिसली. तसं बोलूनही दाखवलं.

"मापाची कडी केली, तर पोरीनं काय करावं? दुपारून तेच कात्री ते घेते. माया चारवर आणखी तीन चढवते, संध्याकाळी सोडते."

उत्तर बिनतोड होतं. तरी धार पाहायला दुकानदार चिंधी पुढे करतो, तशा दोन-तीन मापांच्या कड्याही त्यानं पुढे करायला काय हरकत आहे? चिंधीचे वेढे त्यानंतरचे.