पात्रता शिक्षकाची, परवाना मालकाचा

डॉक्टर परदेशी जातो, अभियंता परदेशी जातो, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. शाळेतला शिक्षकही त्याच वाटेने निघू शकतो, ही कल्पना मात्र आपल्याकडे अजून पुरती रुळलेली नाही. शिक्षक म्हणजे गावाशी, भाषेशी आणि ठरावीक क्रमिक पुस्तकांशी बांधलेला माणूस, अशी आपली समजूत आहे. तिला इतिहासाचा आधार नाही. सम्राट हैले सेलासी यांच्या कारकीर्दीत इथिओपियाच्या शाळांतून शिकवणाऱ्यांत भारतीय शिक्षकांचा भरणा मोठा होता. मात्र ते जाणे नव्याने शाळा उभारू पाहणाऱ्या देशाकडे होते. आजचे बोलावणे येते ते श्रीमंत देशांकडून. शाळा त्यांच्याकडे भरपूर आहेत. पण भौतिकशास्त्र आणि गणित शिकवण्यास त्यांचे स्वतःचे पदवीधर पुरेसे मिळत नाहीत. हे बोलावणे नेमके कोणाला आहे आणि कोणत्या अटींवर आहे, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

इंग्लंडचेच उदाहरण घेऊ. १ फेब्रुवारी २०२३ पासून तेथील शिक्षण खात्याने भारत, घाना, नायजेरिया, जमैका, दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आदी नऊ देशांतील शिक्षकांना ‘क्वालिफाइड टीचर स्टेटस’साठी, म्हणजे पात्र शिक्षक या दर्जासाठी, थेट अर्ज करण्याची सोय केली. पदवी, अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण, किमान एक वर्षाचा अनुभव आणि इंग्रजीचे पुरेसे ज्ञान या अटी रास्तच होत्या. परंतु भारतीय शिक्षकासाठी त्यांच्या जोडीला आणखी एक अट होती. ११ ते १६ या वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची ज्याची अर्हता असेल, त्यालाच हा दर्जा मिळणार होता. इतिहास, भूगोल किंवा चित्रकला शिकवणारा शिक्षक कितीही निष्णात असला तरी त्याच्यासाठी हे दार उघडले नव्हते. पुढे २०२३-२४ मध्ये परदेशातून येणाऱ्या शिक्षकांना प्रायोगिक तत्त्वावर १०,००० पौंडांचे स्थलांतर अनुदान देऊ करण्यात आले, तेही भौतिकशास्त्र आणि भाषा यांपुरतेच. याचा अर्थ उघड आहे. त्या देशाला आपला शिक्षक हवा होता असे नव्हे. त्याच्या वेळापत्रकातील रिकामा तास भरून निघायला हवा होता. यात गैर काही नाही. आपली गरज पाहून माणसे बोलावण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. पण गरजेने केलेल्या बोलावण्याला आपण गुणांचा गौरव समजू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पात्र शिक्षकाचा दर्जा आणि काम करण्याचा परवाना या दोन सर्वस्वी निराळ्या वस्तू आहेत. दर्जा शिक्षकाच्या नावाचा असतो. तो त्याने आपल्या अभ्यासाने मिळवलेला असतो. ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसाचे तसे नाही. १ डिसेंबर २०२० पासून अमलात आलेल्या या व्यवस्थेत सरकारकडून अनुज्ञा मिळवलेल्या शाळेने शिक्षकाला प्रायोजित करावे लागते, आणि व्हिसा त्या शाळेतील त्या नोकरीपुरता असतो. नोकरी सुटली की साधारणतः ६० दिवसांत दुसरा प्रायोजक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. जिच्या मर्जीवर आपल्या मुलाबाळांचे त्या देशातील राहणे अवलंबून आहे, त्या शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर जादा तासांबद्दल तक्रार करण्याचे धैर्य किती जणांना होईल? आपल्याकडील विनाअनुदानित शाळांत ज्यांनी उमेदवारी केली आहे, त्यांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही.

खर्चाचा हिशेबही याच ठिकाणी मांडला पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनबाहेरील नवशिक्या पात्र शिक्षकाचे किमान वार्षिक वेतन ३१,६५० पौंड होते. रुपयांत हा आकडा डोळे दिपवणारा वाटतो. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये लागू झालेल्या दराने आरोग्यसेवेचा अधिभार प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलामागे ७७६ पौंड इतका होता, आणि तो व्हिसाच्या सर्व वर्षांचा एकदम, अर्जासोबतच, भरावयाचा होता. पती, पत्नी व दोन मुले पाच वर्षांसाठी गेली, तर ही रक्कम १८,११० पौंड होते. व्हिसाचे शुल्क, विमानभाडे, घराची अनामत या सर्व बाबी निराळ्याच. वेतनाचा आकडा रुपयांत वाचायचा आणि खर्चाचा आकडा वाचायचाच नाही, ही सवय महाग पडते.

ही भीती काल्पनिक आहे, असे कोणी म्हणू नये. अमेरिकेतील दोन प्रकरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत. लुईझियाना राज्यातील शाळांसाठी २००७ पासून फिलिपिन्समधून शिक्षक आणले गेले. भरती करणाऱ्या कंपनीने त्यांच्याकडून माणशी सुमारे १६,००० डॉलर घेतले. अनेकांनी ते कर्ज काढून भरले. अखेर डिसेंबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाच्या ज्यूरीने सुमारे ३५० शिक्षकांना ४५ लाख डॉलरची भरपाई देण्याचा निर्णय दिला. दुसरे प्रकरण मेरीलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस काउंटीचे. जो खर्च कायद्याने शाळा मंडळाने सोसावयाचा, तो परदेशी शिक्षकांकडून वसूल केल्याबद्दल २०११ मध्ये या मंडळाला १,०४४ शिक्षकांना ४२ लाखांहून अधिक डॉलर परत द्यावे लागले. शिवाय मंडळाला दोन वर्षे नवे परदेशी शिक्षक घेण्यास व जुन्यांच्या व्हिसाची मुदत वाढवण्यास मनाई झाली. या शिक्षेची झळ अखेर कोणाला लागली? ज्यांच्या व्हिसाची मुदत संपत आली होती, त्या शिक्षकांनाच. अपराध मंडळाचा, शिक्षा मंडळाला. पण परतीचे तिकीट शिक्षकाच्या हाती. परवाना मालकाच्या हाती असला म्हणजे मालकाच्या पापाचाही वाटा नोकराच्या पदरात पडतो, तो असा.

शिकलेसवरलेले लोक आहेत, करार वाचून सही करावी, असा युक्तिवाद यावर होईल. परंतु लुईझियानात गेलेले शिक्षकही शिकलेसवरलेलेच होते. आपल्या कायद्यालाही नेमकी हीच समजूत नडते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने भरती करणाऱ्या दलालांची नोंदणी सक्तीची केली, हे चांगलेच झाले. पण ठरावीक देशांत जाण्यापूर्वी कागदपत्रांची सरकारी तपासणी करण्याची जी पद्धत त्याखाली रूढ झाली, तिचा रोख मुख्यतः दहावी न झालेल्या मजुरांकडे राहिला. दहावीच्या पुढे शिकलेला माणूस स्वतःचे रक्षण करण्यास समर्थ आहे, असे त्यात गृहीत धरले गेले. परिचारिकांच्या बाबतीत हे गृहीत चुकल्याचे सरकारने मान्य केले आणि २०१५ मध्ये अशा १८ देशांतील त्यांची भरती सरकारी संस्थांमार्फत करण्याचे ठरवले. शिक्षकांच्या बाबतीतही तसा विचार का होऊ नये?

तत्त्वे नव्याने शोधावयाची आहेत असेही नाही. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी जमैकासारख्या लहान देशांतून ब्रिटन व अमेरिका यांनी शिक्षक नेण्याचा सपाटा लावला, तेव्हा तेथील वर्ग ओस पडू लागले. त्या तक्रारींतून १ सप्टेंबर २००४ रोजी इंग्लंडमधील स्टोक रॉचफर्ड येथे राष्ट्रकुलाच्या शिक्षणमंत्र्यांनी शिक्षक भरतीविषयक संहिता स्वीकारली. शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर शिक्षक उचलून नेऊ नयेत, कराराच्या अटी आधी स्पष्ट कराव्यात, तेथील शिक्षकापेक्षा हीन वागणूक देऊ नये, अशी तिची दिशा आहे. शिक्षकाला परदेशी जाण्याचा हक्क आहे आणि मुलांना शिक्षक मिळण्याचा हक्क आहे, हे दोन्ही ती एकाच वेळी मानते. ती कायद्याने बंधनकारक नाही, हे तिचे दुबळेपण. पण दोन सरकारे करार करावयास बसली, तर तिच्यातील कलमे त्या करारात घालण्यास कोणाची आडकाठी आहे? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. म्हणजे असे करार राज्य पातळीवरही होऊ शकतात. शिक्षकांचा विचार त्यांत व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

जाणाऱ्याला मात्र कोणी दोष देऊ नये. ज्या राज्याने २००० साली शिक्षणसेवक योजना आणून तरुण शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर काढली, त्या राज्याला देशप्रेमाचा उपदेश करण्याचा अधिकार कितपत उरतो? प्राथमिक शिक्षणसेवकाचे ६,००० रुपयांचे मानधन १६,००० आणि माध्यमिकचे ८,००० रुपयांचे १८,००० होण्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले. गणितात पदवी घेऊन, त्यावर बी.एड. करून माणूस शिकवणी वर्गाकडे वळतो, तेव्हा आपण त्याला व्यवहारी म्हणतो. तोच परदेशी गेला तर कृतघ्न म्हणतो. दोन्ही वेळी शाळेतला वर्ग सारखाच रिकामा राहतो. शिक्षक टिकवायचे असतील तर त्यांना वेळेवर आणि पुरेसे वेतन द्यावे. तो मार्ग उपदेशाहून निश्चित परिणामकारक आहे.

आणि जे जाणार आहेत, त्यांनी आपली पात्रता जितक्या कष्टाने मिळवली, तितक्याच कसोशीने परवान्याचा कागद वाचावा. प्रायोजक कोण, नोकरी सुटल्यास मुदत किती, भरतीचा खर्च कोणी सोसावयाचा, वेतन पात्र शिक्षकाच्या श्रेणीचे की त्याखालचे, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे हाती आल्याखेरीज येथील राजीनामा देऊ नये. विद्यार्थ्याला आपण सांगतो, प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नकोस. तो धडा शिक्षकाने या वेळी स्वतःसाठी गिरवावा.