सुट्टीचाही हिशेब मांडा : नवेगावबांधला दोन रात्री

सुट्टी म्हणजे बुडालेला धंदा, असे आपल्या व्यापारी-कारागीर मंडळींचे पक्के मत असते. शटर बंद म्हणजे गल्ला बंद. शिवणयंत्र थांबले की रोजी थांबली. त्यामुळे घरच्यांना घेऊन बाहेर पडणे वर्षानुवर्षे लांबणीवर पडते. मग एखाद्या वर्षी एकदम लांबचा प्रवास ठरतो आणि खर्च अंदाजाच्या दुप्पट होतो. गोंदियापासून सुमारे ६५ किलोमीटरवर, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात नवेगावबांध आहे. तेथे दोन रात्रींचा मुक्काम कसा आखावा, एवढाच विचार आज आम्ही मांडणार आहोत.

आधी एक परदेशी उदाहरण पाहू. इंग्लंडमधील मार्गेट हे समुद्रकाठचे गाव एके काळी लंडनच्या कामकरी लोकांचे सुट्टीचे ठिकाण होते. पुढे स्पेनला स्वस्त विमाने जाऊ लागली, गिऱ्हाईक तिकडे वळले आणि मार्गेटची दुकाने ओस पडली. २०११ मध्ये चित्रकार टर्नर यांच्या नावाचे मोठे कलादालन तेथे उघडले, २०१५ मध्ये जुने करमणूक उद्यान पुन्हा सुरू झाले. लोक परत आले, जुन्या गल्ल्यांत दुकाने उघडली. पण घरभाडीही वाढली आणि गावच्याच लोकांना राहणे जड जाऊ लागले. गाव सावरले म्हणजे गावकरी सावरला, असे आपोआप होत नाही.

आपल्याकडेही पाहुणे यावेत म्हणून काही गोष्टी घडल्या आहेत. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी १८ व्या शतकात बांधला, असे सांगतात. २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही जंगले मिळून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वाघांची संख्या थोडी होती, म्हणून २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडील दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या; २०२४ मध्ये आणखी एक आणली गेली.

हंगाम कोणता?

जंगल पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, बंद असते. त्या काळात सालेकसा तालुक्यातील हाजरा धबधबा पाहावा. बाकी महिन्यांत आपापला धंदा पाहून ठरवावे. धान व राईस मिलवाल्यांना दिवाळीनंतर उसंत नसते. त्यांनी फेब्रुवारीनंतर निघावे. तेंदूपत्ता व विडीशी संबंधित मंडळींनी एप्रिल-मेची धावपळ सुरू होण्याआधी, हिवाळ्यातच उरकावे. तेव्हा तलावावर परदेशी पाहुणे पक्षीही असतात. कापडवाले व शिलाई कारागीर ईदपर्यंत मान वर करीत नाहीत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सध्या हिवाळ्याच्या अखेरीकडे येतो आहे. म्हणून ईदनंतरचे दोन-तीन दिवस त्यांना उत्तम. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक कमी आणि जंगल उघडे असते. ज्यांचे काम जुम्याला बंद असते त्यांनी गुरुवारी संध्याकाळी निघावे, म्हणजे धंद्याचा एकच दिवस जाईल.

खर्चाची वही

निघण्यापूर्वी पाच रकाने आखावेत : प्रवास, मुक्काम, जंगलफेरी, जेवण आणि किरकोळ. जंगलफेरीचा खर्च माणशी न धरता गाडीमागे धरावा. एका जिप्सीत साधारण सहाजण बसतात. दोन कुटुंबांनी मिळून गाडी घेतली तर भार निम्मा होतो. नोंदणी वनखात्याच्या ऑनलाइन व्यवस्थेत आधी करावी आणि प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे. आठवड्यातील बंदचा दिवस आधी विचारून घ्यावा. शनिवार-रविवारी गर्दी असते. आपण दुकानदार, आपल्याला आडवार चालतो. नागझिऱ्याला जायचे तर पिटेझरीच्या फाटकाला साकोलीकडून रस्ता आहे. गोंदिया-तिरोड्याकडून येणाऱ्यांना मंगेझरी व चोरखमारा सोयीचे. जंगलाच्या आत मुक्काम मिळेलच असे धरू नये. खोली कोठे आहे ते पक्के करूनच बयाणा द्यावा.

जेवणाचा प्रश्न एक दिवस आधी फोनवर मिटवावा. हलाल गोश्ताची सोय नसेल तर तलावाची ताजी मासळी आहेच. ढिवर बांधवांचा तो पिढीजात धंदा. मासळी त्यांच्याकडूनच घ्यावी. पहाटेची फेरी लवकर निघते, तेव्हा फजरच्या नमाजची वेळ पाहून मुक्काम फाटकाजवळ घ्यावा.

पैसा कोठे थांबतो?

सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा पर्यटक घरचा डबा खातो आणि कागदाच्या पत्रावळी मागे टाकून जातो. गावाला त्यातून काही मिळत नाही. मुक्कामाला राहिलेला माणूस खोली घेतो, दोन वेळ जेवतो, वाटाड्याची मजुरी देतो. यात आपल्या कारागिरांचाही वाटा आहे. मुक्कामाच्या खोल्यांना गाद्या-रजया लागतात, त्या पिंजारी भरतो. जिप्सीला मेकॅनिक आणि वेल्डर लागतो, पडद्यांना शिंपी लागतो. विडीचा धंदा पूर्वीसारखा राहिलेला नाही. ज्या घरांत सूप मांडून विड्या वळल्या जात, तेथील मुलांना आता दुसरे काम हवे आहे. ते जिल्ह्यातच मिळण्याचा हा एक मार्ग आहे. पण गावच्या हातांना काम मिळायचे तर मागणीही गावातच नोंदली गेली पाहिजे. नागपूरहून तयार गादी आली, तर पिटेझरीतील गर्दीचा गोंदियाच्या पिंजाऱ्याला काय उपयोग?

म्हणून आमची सूचना अशी, की मुलाबाळांना घेऊन जरूर जावे; तलाव पाहावा, नशिबात असेल तर वाघही दिसेल. परतताना मात्र मुक्कामाच्या मालकाशी दोन शब्द बोलून यावे : गाद्या कोठून घेता, गाडी कोठे दुरुस्त करता, भांड्यांना कल्हई कोण करतो? उत्तर "बाहेरून" असे आले, तर आपले नाव आणि फोन नंबर तेथे ठेवून यावा. सुट्टीचा खर्च वहीच्या एका पानावर लिहिला असेल, तर समोरचे पान या कामासाठी कोरे ठेवावे.