पोपच्या वकिलातीत लपलेला हुकूमशहा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की व्हॅटिकनकडे ना लष्कर, ना तेल, मग देशोदेशी त्यांचे राजदूत कशाला? उत्तरासाठी आज पनामाला जाऊया.

२० डिसेंबर १९८९. अमेरिकेचं सैन्य पनामात घुसलं. त्यांना हवा होता तिथला लष्करी हुकूमशहा मॅन्युएल नोरिएगा. अमली पदार्थांच्या तस्करीचे आरोप त्याच्यावर फ्लोरिडात आधीच ठेवलेले होते, आणि आता डोक्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लागलं. २४ तारखेला हा गडी थेट पोपच्या वकिलातीत शिरला! गंमत म्हणजे त्याच्या छळाला कंटाळलेल्या विरोधकांनीही याआधी याच घरात आसरा घेतला होता.

इथे एक खुलासा. पोपच्या राजदूताला नुन्सिओ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ निरोप्या. आपण सवयीने ‘व्हॅटिकनचा राजदूत’ म्हणतो, पण तो त्या इवल्याशा शहर-राज्याचा नसतो, पोपच्या धर्मासनाचा असतो, ज्याला ‘होली सी’ म्हणतात. १८७० ते १९२९ या काळात पोपकडे स्वतःचं राज्यच नव्हतं, तरी त्यांचे दूत परदेशात होतेच. नुन्सिओचं काम दुहेरी. सरकारशी बोलायचं आणि तिथल्या चर्चशीही. नवे बिशप नेमताना नावांची चाचपणी तोच करतो. दिल्लीत चाणक्यपुरीत अशी वकिलात आहे.

तर पनामात नुन्सिओ होते आर्चबिशप होसे सेबास्तियन लाबोआ, मूळचे स्पेनचे. बाहेर रणगाडे, पण आत कुणी पाऊल टाकेना. कारण १९६१चा व्हिएन्ना करार. त्याच्या कलम २२ प्रमाणे दूतावासाच्या आवारात प्रमुखाच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. मग अमेरिकनांनी काय केलं? मोठे कर्णे लावून रात्रंदिवस रॉक संगीत वाजवलं! वाटाघाटी पत्रकारांच्या मायक्रोफोनना ऐकू जाऊ नयेत म्हणून, असं सांगितलं गेलं. बरं, त्याच कलमात दूतावासाची शांतता भंग होऊ द्यायची नाही असंही लिहिलंय. व्हॅटिकनने तक्रार केली, आणि काही दिवसांनी कर्णे थांबले.

आता खरा पेच. पोलीस आत येऊ शकत नाहीत, याचा अर्थ आत शिरणाऱ्याला आश्रयाचा हक्क मिळतो असा नाही. व्हिएन्ना करार आश्रयाचा हक्क देत नाही. लॅटिन अमेरिकेत राजकीय कारणाने पळालेल्याला दूतावासात आसरा द्यायची परंपरा आहे खरी, पण साध्या गुन्ह्याच्या आरोपीला ती लागू नाही. म्हणजे लाबोआ यांच्यापुढे दोन्हीकडून अडचण. नोरिएगाला अमेरिकेच्या हवाली केलं, तर उद्या कुठल्याही देशात जीव मुठीत धरून आलेला माणूस या दारावर विश्वास ठेवणार नाही. ठेवून घेतला, तर ज्यांना त्याने छळलं त्यांना काय सांगणार? माझ्या मते व्हॅटिकनने काढलेली वाट शहाणपणाची होती: हाताला धरून बाहेर काढायचं नाही, पण इथे कायमचं राहता येणार नाही हे स्पष्ट करायचं आणि तो स्वतःहून जाईल असं बघायचं.

लाबोआ त्याच्याशी बोलत राहिले. बाहेर पनामावासीयांची प्रचंड गर्दी जमून त्याच्या नावाने ओरडत होती, तेही त्याला ऐकू येत असणारच. ३ जानेवारी १९९०च्या रात्री गणवेश चढवून नोरिएगा फाटकापर्यंत चालत आला. सैनिक बाहेरच थांबले होते. त्याच रात्री त्याला विमानाने मायामीकडे नेलं.