कंपूचा नियम: पथ्य एकट्याचं नको, सगळ्या घराचं



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे दोन महिने. होड्या किनाऱ्याला, हातात जाळ्यांची डागडुजी, आणि सोबत चहा-भजी. पोट सुटतं ते याच दिवसांत. म्हणून आज थोडं तब्येतीबद्दल.

ग्वाल्हेरला कंपू नावाची वस्ती आहे. कंपू म्हणजे कवायती पलटणींचा तळ. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरला तळ टाकला, त्याचंच पुढे लष्कर शहर झालं. कंपू त्याच लष्करातला. आज तिथल्या मैदानावर २००६ पासून मध्य प्रदेश सरकारची महिला हॉकी अकादमी आहे. फौज असो की खेळाडूंचा संघ, तळावरचा नियम एकच: सगळ्यांचं वेळापत्रक एक, सगळ्यांची पंगत एक.

आपल्या घरात मात्र उलटं होतं. डॉक्टर नाखवांना सांगतात, मीठ-तेल कमी करा. मग त्यांच्यापुरतं अळणी कालवण, आणि बाकीच्यांच्या ताटात कुरकुरीत तळलेली मांदेली. चार दिवस निभतं, पाचव्या दिवशी नाखवांचा हात मांदेलीकडे जातोच. त्यात दोन वेगळी कालवणं रांधायचं ओझं पडतं आपल्या वहिनींवर, ज्या पहाटे लिलाव गाठून दुपारपर्यंत बाजारात बसलेल्या असतात. म्हणून पथ्य टिकत नाही.

काही जण म्हणतात, आम्ही मेहनतीची माणसं, आम्हाला व्यायाम कशाला? पण बऱ्याच होड्यांवर आता जाळं विंच ओढतो. होडीवर कंबर आणि खांदे झिजतात, चालणं मात्र होत नाही. बाजारात टोपलीमागे बसणाऱ्या बायकांचंही तेच.

मग घरात काय करायचं?

१. मीठ: जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. यात सुकट, खारे बोंबील, लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. सुकी मासळी कोमट पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, आणि कालवणात मीठ चव बघूनच घाला.

२. तेल: पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. किती दिवस पुरली ते सगळ्यांना दिसू द्या. तळण आठवड्यातून एकदा, एरवी कालवण किंवा चमचाभर तेलात तव्यावर.

३. मासळी: बांगडा, तारली स्वस्त म्हणून कमी समजू नका. हृदयाला चांगलं ओमेगा-३ तेल त्यांच्यात भरपूर असतं. पापलेट विका, बांगडा घरी ठेवा.

४. ताट: हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, अर्धं ताट भाज्या आणि फळांचं. आपल्याकडे भाताचा डोंगर आणि मासळी, भाजी नावाला. भात एक वाढप कमी, पालेभाजी एक वाढप जास्त. सगळ्यांच्याच ताटात.

५. चालणं: मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर. पोरांना रोज एक तास खेळ. संध्याकाळी बंदरापर्यंत सगळे मिळून जा, मोबाईल घरी ठेवून.

एक गोष्ट मात्र सांभाळा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नका. साखर एकदम उतरली तर चक्कर येते, आणि होडीवर चक्कर येणं म्हणजे जिवाशी खेळ. बीपीच्या गोळ्याही मनाने बंद करू नका.

हे सगळं कशासाठी? किनाऱ्यावर छातीत दुखलं तर रिक्षा मिळते. खोल समुद्रात दुखलं तर बंदर कित्येक तास लांब असतं. इंजिनाची तपासणी केल्याशिवाय आपण होडी पाण्यात लोटत नाही. मग ती चालवणाऱ्या माणसाची का नको? नारळी पौर्णिमेच्या आधी घरातल्या सगळ्या मोठ्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन बीपी आणि साखर तपासून घ्या. नाखवा, खलाशी, आणि घरच्या लक्ष्मीसुद्धा.

आजपासून एकच कालवण, सगळ्यांसाठी. तुमच्या घरी काय जमलं, ते आम्हाला जरूर कळवा.