तीन भोकांची साक्ष

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून नेमबाजीबद्दलचे प्रश्न पुरवणीकडे येत असतात. कोल्हापूरच्या एका वाचकाचा प्रश्न त्यात वेगळा होता. त्यांचे मेहुणे अमेरिकेत मोंटाना राज्यात असतात. तिथं त्यांनी ‘.२२३ विंचेस्टर सुपर शॉर्ट मॅग्नम’ काडतुसाची रायफल घेतली आहे आणि अधूनमधून ते कागदी लक्ष्याचा फोटो पाठवतात. तीन भोकं एकमेकांना खेटलेली आणि खाली लिहिलेलं: अर्धा इंच, शंभर यार्ड. ‘यावर किती विश्वास ठेवायचा? आणि आखूड, जाड काडतुसामुळे रायफल जास्त अचूक होते, असं ते म्हणतात, ते खरं का?’

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे या रायफलीचं काम आधी सांगायला हवं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गवताळ पठारांवर प्रेअरी डॉग नावाचा खारीच्या कुळातला प्राणी बिळं खणून वसाहतीनं राहतो. उभा राहिला तरी हातभर उंच भरत नाही. कुरणांचे मालक त्याला उपद्रवी मानतात, आणि अशा प्राण्यांना दोनशे-तीनशे मीटरवरून टिपायच्या बंदुकीला तिथं व्हार्मिंट रायफल म्हणतात. जड नळी, छोटी हलकी गोळी आणि प्रचंड वेग, म्हणजे वाटेत गोळी फारशी खाली येत नाही. एवढ्या लहान लक्ष्यासाठी दोन-चार सेंटिमीटरची चूकही चालत नाही, म्हणून अचूकता हा या मंडळींचा जिव्हाळ्याचा विषय.

विंचेस्टरनं हे काडतूस २००३मध्ये आणलं. पितळी कोश फक्त ४२ मिलिमीटर लांब, पण अंगानं चांगलाच जाड. ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ११७० मीटर वेगानं जाते, असं कंपनीनं जाहीर केलं. याच वजनाच्या गोळीला जुन्या ‘.२२-२५०’ काडतुसात जाहीर केलेला वेग ११२० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे फरक जेमतेम साडेचार टक्क्यांचा. पण जाहिरातीत वेगाच्या जोडीनं अचूकताही आली, आणि तिला एक भारदस्त वंशावळ होती.

ती वंशावळ १९७५ची. लुई पाल्मिसानो हे डॉक्टर आणि फेरिस पिंडेल हे हत्यारं-साचे घडवणारे कारागीर, या दोघांनी एका रशियन काडतुसाचा कोश घेऊन त्यापासून बुटकं, रुंद ‘पीपीसी’ काडतूस तयार केलं. त्यांचा तर्क असा, की दारूचा स्तंभ आखूड आणि जाड असेल तर मागच्या टोपीची ठिणगी एकदम जास्त दाण्यांपर्यंत पोहोचते, दारू दर वेळी सारखी पेटते, आणि गोळीचा वेग दर वेळी सारखा येतो. बेंचरेस्ट स्पर्धेत रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवून मारतात आणि भोकांमधलं अंतर मोजतात. तिथं या काडतुसानं बाकीच्यांना अक्षरशः हुसकावून लावलं.

तर्क सुंदर आहे, पण त्या स्पर्धांमध्ये फक्त कोशच जाड नव्हता. टोपी लहान होती, ठिणगीचं भोकही लहान होतं, नळ्या निवडक कारागिरांच्या होत्या, गोळ्या हातानं दाबून केलेल्या होत्या आणि त्या मारणारे लोक आयुष्यभर हेच करत आले होते. एवढ्या सगळ्या गोष्टी एकत्र सुधारल्या असताना श्रेय कोशाच्या आकाराला किती द्यायचं? कारखान्यातून आलेल्या शिकारी रायफलीत यातलं फक्त ‘आखूड आणि जाड’ एवढंच उतरलं होतं.

नेमकं कोणतं कारण किती वजनाचं, हे सोडवायला आयुष्य देणारा एक माणूस होऊन गेला आणि त्याचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. डॉ. फ्रँकलिन वेअर मान, मॅसॅच्युसेट्सचे. कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं बारीक करायच्या यंत्रातून त्यांनी पैसा मिळवला आणि तो गोळी कुठं का जाते हे शोधण्यात घातला. माणसाचा हात, खांदा, श्वास हे सगळं वगळायचं म्हणून त्यांनी काँक्रीटचा भक्कम चौथरा बांधला. त्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या खाचेत नळी ठेवली, की धक्का बसला तर ती फक्त सरळ मागं सरकेल. मग गोळीच्या वाटेवर ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी प्रत्येक पडद्यातून जाताना भोक पाडते. भोक गोल असेल तर गोळी सरळ चालली आहे, लांबट असेल तर ती तिरकी झाली आहे. एकेका गोळीची अख्खी वाटचाल कागदावर उमटायची. उच्चवेगी कॅमेरे यायच्या आधीची ही गोष्ट आहे!

त्यांनी गोळ्या मुद्दाम बिघडवूनही पाहिल्या. टोक खराब केलं तर फारसं बिघडत नाही. बूड जरा तिरकं केलं की गोळी भरकटते. कारण नळीच्या तोंडातून बाहेर पडताना मागचा वायू बुडाला ढकलत असतो. बूड वाकडं असलं तर एका बाजूनं वायू आधी निसटतो आणि गोळीला कलाटणी देतो. टोक बघून गोळी निवडणाऱ्या सगळ्या शिकाऱ्यांना हे धक्कादायक होतं. १९०९मध्ये त्यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं. एवढं करूनही जी चूक उरायची आणि जिचं कारण सापडायचं नाही, तिला त्यांनी ‘एक्स-एरर’ असं नाव दिलं. मला मान आवडतात ते यासाठी: न सापडलेल्या कारणाला त्यांनी खोटं कारण चिकटवलं नाही.

पुढचं काम गणिताचं होतं आणि ते फ्रँक ग्रब्ज यांनी केलं. संख्याशास्त्र शिकलेल्यांना ग्रब्जची चाचणी माहीत असते: मोजणीतला एखादा आकडा इतरांपासून फार दूर असेल तर तो वगळावा का, हे ठरवण्याची रीत. तेच ग्रब्ज अमेरिकी लष्कराच्या अॅबर्डीन इथल्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेत काम करायचे, आणि १९६४मध्ये त्यांनी रायफल मारणाऱ्यांसाठीही अचूकतेच्या मापांवर एक पुस्तिका लिहिली. ती वाचली तर मेहुण्यांच्या फोटोचं उत्तर मिळतं.

भोकांमधलं सर्वांत मोठं अंतर, म्हणजे ग्रुप, हे गोळ्यांच्या संख्येवर अवलंबून असतं. समजा एखादी रायफल तीन गोळ्यांचे सरासरी २५ मिलिमीटरचे ग्रुप देते. काहीही न बदलता तीच रायफल पाच गोळ्यांचे सरासरी ३२ आणि दहा गोळ्यांचे ४० मिलिमीटरचे देईल. शिवाय तीन गोळ्यांचे ग्रुप आपापसांत फार वेगवेगळे येतात. त्यांचं प्रमाण विचलन सरासरीच्या ३७ टक्के भरतं. या रायफलीनं पाच ग्रुप मारले तर सर्वांत छोटा साधारण १५ मिलिमीटरचा, म्हणजे अर्ध्या इंचाच्या जवळ निघेल. फोटो त्याचाच काढला जातो. तीन दिवसांच्या पावसावरून कोकणातला अख्खा पावसाळा सांगावा, आणि ते तीन दिवसही आपण निवडावेत, तसं हे झालं.

मग एखादी गोळी लांब गेली की ती ‘फ्लायर’ म्हणून सोडून द्यायची पद्धत आहे. ‘दोन चिकटलेली आहेत, तिसरी माझ्या हातून चुकली.’ पण तीन स्वैर बिंदूंमध्ये दोन जवळ आणि एक लांब हे नेहमीच घडतं, त्यासाठी हात चुकावा लागत नाही. आणि आकडा वगळण्याचे नियम ज्यानं लिहिले, त्याची चाचणीसुद्धा तीन आकड्यांवर जवळपास काहीच ठरवू शकत नाही.

त्या वाचकांना मी कळवलं, की मेहुण्यांना एकाच कागदावर वीस गोळ्या मारायला सांगा, मध्ये नळी थंड होऊ द्या आणि एकही भोक वगळू नका. अर्धा इंच उरणार नाही, पण जो आकडा येईल तो त्यांच्या रायफलीचा खरा आकडा असेल.

मालकांचा अनुभव टाकाऊ आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. जिथं तीन गोळ्यांचं गणित लागत नाही, तिथं तो अत्यंत भरवशाचा असतो. या रायफलींच्या मालकांच्या तक्रारी तशाच आहेत. जाड काडतुसं मॅगझिनमधून चेंबरमध्ये सहज सरकत नाहीत. पितळ जाड असल्यानं रिकामे कोश पुन्हा भरताना त्यांचा आकार नीट करायला जोर लागतो. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६मध्ये बंद झाला, पुढं या काडतुसाच्या नव्या रायफली दुर्मिळ झाल्या आणि कोश मिळणंही अवघड झालं.

सगळ्यात मोठी तक्रार नळीची, आणि तिच्यामागं पक्कं भौतिकशास्त्र आहे. दारूच्या वायूचं तापमान पोलादाच्या वितळणबिंदूहून बरंच वर जातं. केवळ एक-दोन मिलिसेकंदांत सगळं आटोपतं म्हणून नळी टिकते. पण या कोशात साध्या .२२३ रेमिंग्टनच्या दीडपटीहून जास्त दारू मावते आणि ती सगळी त्याच ५.७ मिलिमीटरच्या भोकातून बाहेर पडते. चेंबरच्या लगेच पुढचा भाग, ज्याला थ्रोट म्हणतात, आधी भाजतो. नळीत बोअरस्कोप, म्हणजे आत डोकावायची बारीक दुर्बीण, घातला तर तिथं चिरांचं जाळं दिसतं, उन्हाळ्यात सुकलेल्या तळ्याच्या गाळासारखं. हे जाळं डोळ्यांनी दिसतं, त्यावर वाद होत नाही. विंचेस्टरच्याच ‘.२२० स्विफ्ट’वर १९३५नंतर हीच तक्रार झाली होती. त्याचाही वेग सेकंदाला १२०० मीटरच्या पुढे होता.

आणि इथंच जाड कोशाचा प्रश्न अडतो. दोन रायफलींच्या अचूकतेत दहा टक्क्यांचा फरक तीन-तीन गोळ्यांच्या ग्रुपनं पकडायचा, तर हिशेबानं प्रत्येकीतून तीनशेच्या वर गोळ्या माराव्या लागतात. इतक्या तापट काडतुसाची नळी तोवर आयुष्याचा चांगलाच मोठा हिस्सा जाळून बसते, म्हणजे मोजमाप संपेपर्यंत मोजायची वस्तूच बदललेली असते. म्हणून हा प्रयोग थंड डोक्याच्या, कमी दारूच्या काडतुसावर करायला हवा: एकाच कारखान्याच्या दोन नळ्या, एकच गोळी, एकच वेग, फक्त एक कोश बुटका आणि एक उंच. मोजायचं माप ग्रुप नको. प्रत्येक भोकाचं सगळ्या भोकांच्या मध्यापासूनचं अंतर काढून त्याची सरासरी घ्यावी, कारण त्यात प्रत्येक गोळीचं मत धरलं जातं आणि कमी गोळ्यांत निकाल लागतो. ५० मीटरच्या नेमबाजांसाठी दारूगोळ्याचे कारखाने नळी पकडीत आवळून लॉट तपासून देतात, तिथं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. शिकारी रायफल विकणाऱ्यांनीही खोक्यावर ही सरासरी आणि ती किती गोळ्यांची आहे, हे दोन आकडे छापावेत, अशी माझी मागणी आहे.