चाकाने मोजलेली पायवाट
अमेरिकेतील अ‍ॅपलाचियन ट्रेल ही जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरची पायवाट १९३७ मध्ये पूर्ण झाली. तिच्या उभारणीतले अग्रणी मायरन एव्हरी मोजणीचे चाक ढकलत अंतर नोंदवत. चाकाचा परीघ गुणिले फेरे, की अंतर हाती! धूप झालेले तुकडे नव्या मार्गाने वळवतात, म्हणून वाटेची लांबी अधूनमधून बदलते. देखभाल मुख्यतः स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक करतात: आडवी झाडे कापणे, झुडपे छाटणे, खुणेचे पांढरे पट्टे रंगवणे. खरा शत्रू पाणी. ते वाटेवरून धावले की माती वाहून जाते. म्हणून उतारावर तिरके दगड किंवा ओंडके पुरून पाणी बाजूला काढतात. तिथला गाळ वेळोवेळी उपसावाच लागतो.